पहाटेची पाळी

परत आल्यापासून सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, "काकू, समुद्रात काय काय पाहिलंत?" देवमासे, डॉल्फिन, सूर्यास्त अशी उत्तरं लोकांना हवी असतात. मी तीच देते, कारण खरं उत्तर ऐकलं तर बिचारे हिरमुसतील. खरं उत्तर असं की, समुद्रात मी फक्त झोपेचा विचार केला. जेवताना झोपेचा, शीड ओढताना झोपेचा, आणि झोपले असताना आता उठावं लागणार याचा. ज्यांना शिडाच्या बोटीतून समुद्र ओलांडायची हौस असेल त्यांनी आधी महिनाभर पलंगाचे एका बाजूचे पाय विटांवर ठेवावेत, गजर लावून अर्ध्या झोपेतून उठावं, तोंडावर खाऱ्या पाण्याचा हबका मारावा आणि अंधाऱ्या गच्चीत चार तास उभं राहावं. तेवढ्यानंतरही हौस शिल्लक राहिली तर जरूर जावं.

या बोटीआधी माझा समुद्रप्रवास म्हणजे मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच. बोटीचं हे खूळ आमच्या घरात आणलं ते हिराजीभाऊंनी. ते माझ्या यजमानांचे शाळेतले मित्र, करंजा बंदरातले कोळी. जन्मभर व्यापारी जहाजांवर नोकरी केली आणि आता लोकांच्या शिडाच्या बोटी एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचवून देतात. कोचीच्या कुणा शौकिनाने सेशेल्समध्ये चाळीस फुटी बोट विकत घेतली होती, ती आणायची होती. भाऊ आमच्याकडे नवीन पनवेलला चहाला आले आणि सहज म्हणाले, "अरविंदा, येतोस काय? तिघं लागतात. पण पाहुना नको, पुरा गडी पायजे."

इथे यांच्याबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. डॉक्टर म्हणाले, आता सगळं करा. आम्ही काहीच करू दिलं नाही. पिशवी उचलायची नाही, जिना चढायचा नाही, पावसात जायचं नाही. मुलगा पुण्याहून फोनवर राखण करायचा आणि मी घरात. हे भांडले नाहीत, फक्त हळूहळू बोलायचे कमी झाले. कसं वाटतंय विचारलं की म्हणायचे, "ठीक आहे." भाऊंनी विचारलं त्या दिवशी मात्र या माणसाने दुसरा चहा मागितला, आणि मी घाबरले.

डॉक्टरांनी परवानगी दिली, माझा शेवटचा आधारही गेला. मग मीच तिसरी गडी झाले. करंज्याला भाऊंच्या छोट्या होडीवर कित्येक रविवार दोर ओढून हाताची सालं काढून घेतली. सगळ्यांना सांगितलं की मलाही हौस आहे. हौस कसली, मी पहारेकरी म्हणून निघाले होते, आणि हे यांनाही ठाऊक होतं.

निघण्याआधी भाऊंनी अट घातली. वाटेत मालदीवच्या दक्षिणेला अड्डू बेटाशी थांबायचं होतं. "तिथवर बगीन," ते यांना म्हणाले. "पुरी पाळी केलीस तर कोचीपर्यंत. नाय जमली तर अड्डूला उतरवीन आणि इमानात बसवीन. मैत्री जमिनीवर." हे म्हणाले, "मान्य." इतक्या जोरात म्हणाले की पुण्याहून आलेली नात शेजारच्या खोलीत झोपली होती ती उठून बसली.

माहे

दसऱ्यानंतर आम्ही सेशेल्सच्या माहे बेटावर पोहोचलो. बोट पांढरीशुभ्र, ऐटीत उभी. आत शिरल्यावर कळलं की आमचं स्वयंपाकघर तिच्यापेक्षा मोठं आहे. गॅस झुलणाऱ्या पाळण्यासारखा टांगलेला, बोट कलली तरी तो सरळ राहतो आणि आपण कलतो.

बाजारात कांदे, बटाटे, कोबी आणि अंडी घेतली. अंड्यांना तेल चोळून ठेवलं, म्हणजे टिकतात. तिथे ढिगाने नीरफणस दिसले आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. विकणारी बाई म्हणाली, हे अख्खे निखाऱ्यावर भाजायचे. मी तिला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आम्ही चकत्या करून, तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून काप तळतो. तिने बाजूच्या दोघींना बोलावून मला ते पुन्हा सांगायला लावलं आणि तिघी खूप हसल्या. इतक्या साध्या फळाचे एवढे लाड कशाला, असं त्यांना वाटलं असावं. तरी जाताना तिने एक नीरफणस वर घातला.

पाण्यावर

पहिले दिवस मी आलेपाक चघळत आणि देवाचं नाव घेत काढले. जे खाल्लं ते समुद्राला दिलं. हे मात्र ताठ. नाइलाजाने मला ताक करून देणारे हे, आणि आडवी पडलेली मी, असा उलटा संसार दोन-तीन दिवस चालला. यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता तो मला तेव्हा मळमळीत नीट बघताही आला नाही.

झोपायला एक अरुंद फळी. आपण घरंगळून खाली पडू नये म्हणून तिच्या कडेला जाड कापड बांधतात. त्यात झोपलं की बाळंतिणीच्या खोलीतल्या झोळीत कोंबल्यासारखं वाटतं. डोक्याशी पाणी आपटत असतं, डोलकाठी करकरते, कुठेतरी एक चमचा सुटलेला असतो आणि तो रात्रभर टिंग टिंग वाजतो. तो चमचा आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही.

गोडं पाणी जपून वापरायचं. भांडी समुद्राच्या पाण्यात, आंघोळही त्यातच, वरून मगभर गोडं. दिवाळी पाण्यावरच आली. मी उटणं नेलं होतं. पहाटे तिघांनी अंगाला उटणं लावून बादल्यांनी खारं पाणी ओतून घेतलं. खाऱ्या पाण्याने ते निघेना, अंगावर चिखलासारखं बसलं. भाऊ म्हणाले, "वयनी, कारीट फोडल्याबिगर दिवाली कसली?" भर समुद्रात कारीट कुठून आणणार? मी एक सुकलेलं लिंबू दिलं. भाऊंनी ते देव आठवून टाचेखाली चिरडलं आणि त्याच्यावरून घसरून धाडकन बसले. नरकासुर मेला, भाऊंची कंबर धरली. माझ्या चकल्या तोवर मऊ पडल्या होत्या, त्या भिजवून आमटीत टाकल्या.

जन्मभर मासे खाल्लेल्या भाऊंना बोटीवर मासा नको असतो. गळाला चांगला हातभर कुपा लागला तर म्हणाले, "तुमी खावा. मला थालीपीठ लावा." हलत्या बोटीत थालीपीठ थापणं म्हणजे धावत्या बैलगाडीत रांगोळी काढणं. तरी लावलं. भाऊंनी ते उभ्या उभ्या खाल्लं आणि अजून मागितलं.

बाहेर काय दिसतं? पाणी. नीळ कालवलेल्या बादलीसारखं गर्द, सगळीकडे तेच. पहिल्या दिवशी डोळे भरून येतात. नंतर नुसते डोळे येतात, मिठाने चुरचुरतात. वारा पाठीमागून, ढग सावकाश. एकदा मोठ्या जहाजांचा रस्ता आडवा आला. कुठून कुठून ती धूडं येत होती, एक गेलं की दुसरं. मला थेट पनवेलजवळचा, ट्रकांनी भरलेला पळस्प्याचा फाटा आठवला, फक्त इथे वडापावची गाडी नव्हती.

आता पाळ्या. तिघांनी चार चार तास आलटूनपालटून जागायचं. मी बारा ते चार, हे चार ते आठ, भाऊ आठ ते बारा, मग पुन्हा तेच. सुकाणू यंत्र धरतं, पण यंत्रावर नजर हवी. पाळी बदलायची भाऊंची एक रीत होती. आपला वेळ संपला की खाली जायचं, झोपलेल्याच्या पायाला हात लावायचा, नाव घेऊन उठवायचं. तो वर येऊन, पाण्यात पडू नये म्हणून बोटीला जोडायचा पट्टा अडकवून, "घेतली" म्हणेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. आणि उशीर एका मिनिटाचाही नाही. "दया आली तरी उठवायचा," ते म्हणायचे.

मी मान डोलावली. पण आमचं घर म्हणजे पाळीवाल्याचं घर. हे तळोज्याच्या कारखान्यात जन्मभर तीन पाळ्यांत राबले. नाइट करून आले की दिवसा झोपायचे. त्या वेळी आमच्या दारावरच्या घंटीला मी रुमाल बांधायचे, कुकर लावायचे नाही, मुलं कॅरम चादरीवर मांडून खेळायची. दारात कुणी आलं की मी आधी ओठावर बोट ठेवायचे, मग कोण आहे ते बघायचे. "श्श, बाबा नाइट करून आलेत." घरात एकच कायदा, आकाश कोसळलं तरी झोपलेल्याला उठवायचं नाही, जो जागा असेल त्याने काम उरकायचं. ती सवय माझ्या हाडांत आहे. मी तोवर यांना एकदाही हाक मारून उठवलेलं नव्हतं.

तर मळमळ थांबून मी पाळीवर आले त्या पहिल्या रात्री चार वाजता खाली उतरले. हे तोंड किंचित उघडं टाकून झोपले होते. हात छातीवर. डॉक्टरने विश्रांती हवी म्हटलं होतं की नव्हतं ते मला आठवेना. मी पायाला हात लावला आणि काढून घेतला. थोडा वेळ झोपू दे, असं म्हणून वर गेले. पूर्व पांढरी झाल्यावर उठवलं. "आत्ताच वाजले," म्हणाले. हे रात्री घेतलेल्या औषधाच्या गुंगीत असायचे, त्यांनी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी त्याहून उशिरा. एकदा यांच्या लक्षात आलं. "मला वेळेवर उठव," ते हळू पण स्वच्छ म्हणाले. "मी इथे निजायला आलेलो नाही." मी हो म्हटलं. यांनी फोनवर गजर लावायला सुरुवात केली. बरं दिसणार नाही, पण अगदी खरं सांगते: मला त्यांचा राग आला. मी यांच्यासाठी मरते आहे आणि हे गजर लावतात!

अड्डू जवळ आलं होतं तेव्हाची गोष्ट. चारला काही मिनिटं कमी असताना मी पाणी प्यायला खाली आले, यांच्या उशाशी फोन होता. मी हात लांब केला आणि गजर बंद केला. मग वर जाऊन बसले. एकटी किती जागले होते त्याचा हिशेब राहिला नव्हता. डोळ्यांत रेती, डोकं हलकं. उजाडत होतं, वारा गार होता, आणि माझे डोळे मिटले.

जाग आली ती आवाजाने. सुकाणूच्या यंत्राने कधीतरी मान टाकली होती, त्याचा भोंगा वाजत होता तो मला ऐकूच आला नव्हता. बोट वळली, वारा शिडाच्या चुकीच्या बाजूला शिरला, आणि शिडाखालची जाड आडवी दांडी सगळ्या जोरानिशी या बाजूची त्या बाजूला गेली, माझ्या डोक्यावरून. बसले होते म्हणून वाचले. उभी असते तर हे लिहायला मी नसते. शीड वरपासून फाटत गेलं, कोऱ्या मांजरपाटाचं ठाण फाडावं तसा आवाज करत.

भाऊ अर्ध्या चड्डीत वर धावले. पाठोपाठ हे. तासभर तिघं मिळून ते शीड उतरवत होतो. हे वाकून, दातओठ खाऊन ओढत होते आणि मी त्यांच्या छातीकडे बघत होते, दोराकडे नाही. त्यापायी माझ्या बोटावरून दोर सरकला आणि साल गेली. सगळं आवरल्यावर भाऊंनी घड्याळ बघितलं. "पाळी कुनाची होती?"

"माझी," हे म्हणाले. त्यांना ठाऊक होतं की वेळ त्यांची होती. आपण का झोपलो, हे त्यांना कळत नव्हतं. भाऊ यांच्याकडे बघून खाली गेले. गजराचं मी सांगितलं नाही. ते मी बोलायला हवं होतं.

अड्डू

लहान शिडावर रखडत अड्डूला पोहोचलो. प्रवाळाच्या कड्यात शांत हिरवं पाणी, नारळ, मशिदीचा मिनार, सायकलवरून जाणाऱ्या शाळकरी मुली. बोट इतक्या दिवसांनी थांबली आणि आम्हीच हलत राहिलो. धक्क्यावरच्या हॉटेलात काळा चहा आणि मासा-खोबऱ्याचं सारण भरलेली तळलेली करंजी मिळाली. करंजीत मासा! तीही दिवाळीच्या आठवड्यात! पण चव चांगली होती, मी तीन खाल्ल्या.

शिडाला ठिगळ लावून झाल्यावर भाऊंनी मला बाजूला घेतलं. हे पाणी भरायला गेले होते. "वयनी, तुमी दोगं इतंच उतरा. अरविंदाला मी सांगतो. त्याचा दोस नाय, शरीर नाय आइकत. पन पुडं बोटीवर मी एका झोपलेल्या मानसाच्या भरवशावर नाय जानार. दुसरा गडी गावतोय."

मी पुष्कळदा देवाकडे मागितलं होतं की हे सुखरूप घरी येऊ देत, आणि तेच समोर वाढून ठेवलं होतं. विमान, पनवेल, दवाखाना दहा मिनिटांवर. गप्प बसले असते तरी झालं असतं. पण हे घरी कसे आले असते ते मला दिसलं. ठीक आहे, ठीक आहे म्हणत मरेपर्यंत खुर्चीत बसले असते.

"भाऊ, ते झोपले नाहीत," मी म्हटलं. "मी त्यांना उठवलं नाही. गजर लावला होता, तो मी बंद केला." मग सगळंच सांगितलं, पहिल्या रात्रीपासून.

हे मागे येऊन उभे राहिले होते. हातात पाण्याचे कॅन. भाऊंनी डोकं खाजवलं. "झोपनारा मानूस मला चालंल वयनी," ते म्हणाले, "उठवला की उठतो. न उठवनाऱ्याला मी काय करू?"

हे एकच बोलले. "घरी केलंस ते मी सोसलं. इथे कशाला गं?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मी म्हटलं, "मी उतरते."

"वेडी आहेस का?"

"तुम्ही जा. इथून पुढचं अंतर कमी आहे, दोघांत निभेल. का हो भाऊ?" भाऊंनी यांच्याकडे बघून मान हलवली, निभेल म्हणून. यांनी समजावलं, आता उठवायला लागशील म्हणाले. मी स्वतःला ओळखते. आज शपथ घेतली असती आणि दुसऱ्या पहाटे मोडली असती. हे झोपलेले असताना माझा हात यांच्या पायाकडे जातच नाही. मी बोटीवर असेन तोवर हे पाहुणेच राहणार.

रबरी होडीतून हे मला धक्क्यावर सोडायला आले. मनात सूचना तीसएक होत्या. मी गोळ्यांची डबी दिली आणि म्हटलं, "पट्टा अडकवत जा." हे म्हणाले, "तू झोप आता." होडी परत फिरल्यावर मी धक्क्यावर बसून मोठ्याने रडले. एका मालदीवी म्हाताऱ्याने मला शहाळं आणून दिलं आणि निघून गेला.

नवीन पनवेल

ज्या पाण्यावर हे अजून निघायचे होते ते पाणी विमानाने मला चहा देईपर्यंत पार केलं. माणसाला असं उचलून नेणं बरं नव्हे. कळंबोलीचा धूर, पळस्प्याची ट्रकची रांग, सोसायटीचं फाटक, सगळं जागच्या जागी, आणि जमीन मात्र पायाखाली हलत होती.

मुलगा फोनवर ओरडला, "आई, बाबांना एकटं सोडून आलीस?" मी म्हटलं, एकटे नाहीत. तो म्हणाला, त्यांना काही झालं तर? मी फोन ठेवला. हाच प्रश्न मी खात होते, पीत होते, अंगावर घेऊन झोपत होते. झोपत तरी कुठे होते! बोटीवर झोपेसाठी रडणारी मी, सपाट पलंगावर टक्क जागी. चार वाजता आपोआप उठून बसायचे. आता त्यांची पाळी. उठले असतील का? पट्टा लावला असेल का?

भाऊंनी सांगितलं होतं, "उपग्रहावरनं निरोप फकस्त वंगाळ असंल तर धाडीन. काय आलं नाय म्हंजे समदं बरं हाय." त्यामुळे फोन वाजू नये म्हणून मी फोनकडे बघत बसायचे. गॅसवाल्याचा मेसेज आला तरी उघडायच्या आधी देवाला हात जोडायचे. शेजारची विचारायची, जेवलात का काकू? मी सुकट भाजायचे आणि तव्यावरच विसरायचे. किती दिवस गेले ते मला विचारू नका.

एका दुपारी फोन वाजला. यांचं नाव. घाईघाईत उचलायला गेले तर आधी फोन कटच झाला. मग पुन्हा वाजला.

"कोचीला पोहोचलो," हे म्हणाले. मागे कुणीतरी मल्याळममध्ये ओरडत होतं, कावळे ओरडत होते. "किनारा दिसला तेव्हा पाळी माझी होती. हिराजीला मी उठवलं. शिव्या घातल्या त्याने, म्हणाला, अजून थोडं झोपू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं!"

मी हसले की रडले कोण जाणे. मग रोजच्या सवयीने विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?"

"दमलोय," ते म्हणाले. "अगं, फार दमलोय."

दोन वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी त्यांना दमू दिलंच नव्हतं.